जामीनदार क्रमांक दोन

भरवशाच्या म्हशीला टोणगा. मराठीत भरवसा हा शब्द कुठे कुठे भेटतो ते आठवायला बसलं की पहिल्यांदा ही म्हैसच आडवी येते. मग येतात 'पावसाचा काही भरवसा नाही', 'एसटीचा काय भरवसा', 'आजकाल कोणाचा भरवसा धरावा', आणि अख्ख्या माणसाला एका शब्दात निकालात काढणारा 'बेभरवशाचा'. होकारार्थी वाक्यात हा शब्द शोधायला जरा वेळ लागतो. 'भरवशाचा माणूस आहे' असं आपण म्हणतो खरं, पण बहुतेक त्याच्या पाठीमागे, आणि बहुतेक त्याच्याकडून काहीतरी काम काढायचं असतं तेव्हा.

मी तालुक्याच्या गावी एका पतसंस्थेत कर्जाच्या टेबलावर बसतो. भरवसा मोजणं हीच माझी रोजीरोटी म्हणायची. कागदावर त्याला तारण म्हणतात, जामीन म्हणतात, परतफेडीची क्षमता म्हणतात; पण अर्जाची फाईल मिटली की समितीतले संचालक एकमेकांकडे बघून एवढंच विचारतात, "माणूस कसा आहे?" या प्रश्नाला उत्तर देता देता मला शब्दांचा नाद लागला. एकाच गोष्टीला आपल्याकडे इतके शब्द का आहेत, आणि ते खरंच एकाच गोष्टीचे आहेत का?

विश्वास घ्या. हा संस्कृतातून जसाच्या तसा आलेला, आणि त्याच्या पोटात श्वास आहे. श्वस् म्हणजे श्वास घेणं, वि लागला की मोकळेपणाने श्वास घेणं, भीती नसणं. आश्वासन त्याच घरातलं: धाप लागलेल्याचा श्वास जागेवर आणणं. (निवडणुकीत मिळतात त्या आश्वासनांनी नेमकं उलट होतं, पण तो दोष धातूचा नव्हे.) म्हणजे ज्याच्यासमोर बसल्यावर छातीवरचं ओझं उतरतं, त्याच्यावर आपला विश्वास. उसनं मागायला आलेला माणूस 'देतो' हा शब्द ऐकल्यावर कसा खुर्चीत मागे रेलतो हे ज्यानं पाहिलंय, त्याला ही व्युत्पत्ती शिकवावी लागत नाही.

मराठी माणूस मात्र हा शब्द फार वेळ गंभीरपणे वापरू शकत नाही. 'माझ्यावर विश्वास नाही?' असं कोणी विचारलं की समोरून ठरलेलं उत्तर येतं, 'विश्वास गेला पानिपतात.' १४ जानेवारी १७६१ ला पेशव्यांचा थोरला मुलगा विश्वासराव पडला, त्याला अडीचशेहून जास्त वर्षं झाली, तरी ही कोटी शिळी होत नाही. त्या लढाईची बातमीही दख्खनेत आली ती सावकारी पत्रातून, हुंडीच्या व्यवहारात शोभेल अशा भाषेत. दोन मोत्ये गळाली, मोहरा हरवल्या, रुपये आणि खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. ज्यांचं पोट एकमेकांच्या चिठ्ठीवर चालतं, त्यांनी माणसांची मोजदादही नाण्यांत केली. मला ते पत्र निष्ठुर कधी वाटलं नाही. ज्याला जी भाषा येते त्याच भाषेत तो रडणार.

खात्रीचं कूळ वेगळं. अरबीतला खातिर म्हणजे मन, चित्त. तो फारसीतून आपल्याकडे आला आणि 'तुझ्याखातर' झाला, खातिरदारी झाला, खात्री झाला. त्यातला सगळ्यात सुरेख नमुना खातरजमा. मूळ अर्थ, मन एका जागी जमा झालेलं, इकडेतिकडे न भरकटणारं. आणि आज हा शब्द कुठे राहतो? सरकारी पत्रात. 'तरी याबाबत प्रत्यक्ष खातरजमा करून अहवाल सादर करावा.' मन निवांत होण्याचं नाव होतं, ते संशय घेण्याच्या हुकमाचं झालं. आमच्याकडेही शिपाई पत्त्याची खातरजमा करायला जातो. कोणाचं मन कुठे जमा होतं कोण जाणे, पण दारावरच्या पाटीचा फोटो तेवढा फाईलला लागतो.

एक गोष्ट लक्षात येते. श्वास मोकळा होतो तो कोणाचा? मन ठिकाणावर येतं ते कोणाचं? टेकणाऱ्याचं. निर्धास्तही तसाच: फारसीतून आलेल्या धास्तीला संस्कृतचा निर् लावून आपण एक झोपाळू शब्द तयार केला, आणि जो निर्धास्त झोपतो तोही टेकणाराच. ज्याच्यावर टेकायचं त्याच्या श्वासाचं काय, त्याला रात्री झोप लागते का, याबद्दल हे शब्द काही बोलत नाहीत. विश्वसनीय, खात्रीलायक, भरवशाचा ही त्याची विशेषणं दुसऱ्याच्या सुखावरून पाडलेली आहेत. भाषेनं हा सगळा हिशेब एका बाजूनेच लिहिलाय असं मला वाटतं.

आता पत. आमच्या पाटीवरचाच शब्द, म्हणून मला तो जरा जास्त जवळचा.

पत आणि ऐपत यांत लोक नेहमी गोंधळ करतात. ऐपत खिशात असते, सातबाऱ्यावर असते, बायकोच्या गळ्यात असते. पत तुमची असून तुमच्याजवळ नसते. ती चार लोकांच्या तोंडात ठेवलेली असते आणि ते नसताना तुम्हाला ती काढून दाखवता येत नाही. ऐपत असून पत नसलेली माणसं मी रोज बघतो. गाडी दारात, सोनं अंगावर, आणि किराणावाला उधारीच्या वहीचं पान उघडायला तयार नाही. उलटही आहेत. एक बाई भाजी विकते. तिच्या नावावर काही म्हणजे काही नाही, पण तिला बाजारात पहाटे कोणीही मालाच्या पाट्या उचलून देतो, संध्याकाळी पैसे येणार हे ठरलेलं.

हा पत म्हणजे संस्कृतातल्या प्रत्ययाची झिजून राहिलेली वडी. उत्तरेकडच्या जुन्या काव्यात पतियाना म्हणजे विश्वास ठेवणं, तेही याच घरातलं. प्रत्यय आपण अजून वापरतो: 'त्याच्या स्वभावाचा प्रत्यय आला.' म्हणजे अनुभवाने पटलं. विश्वास पहिल्या भेटीत बसू शकतो, पत बसायला हप्ते भरावे लागतात.

आणि इथेच मला एक जुनी गोष्ट सापडली, जिने मी काही दिवस भारावल्यासारखा होतो. याज्ञवल्क्य स्मृतीत जामिनाचे तीन प्रकार सांगितलेत: दर्शन, प्रत्यय आणि दान. जामीनदाराला तिथे प्रतिभू म्हणतात. (खिशातली नोट काढून बघा, 'केंद्रीय सरकार द्वारा प्रत्याभूत' असं छापलेलं असतं, ते ह्याच प्रतिभूचं नातलग.) दर्शनाचा प्रतिभू म्हणतो, हा माणूस बोलवाल तेव्हा मी हजर करीन. दानाचा प्रतिभू म्हणतो, त्यानं नाही दिलं तर मी देईन. आणि मधला, प्रत्ययाचा, म्हणतो, माझ्या शब्दावर याला पैसे द्या, हा फसवणार नाही. दर्शनाचा आणि प्रत्ययाचा प्रतिभू खोटे ठरले तर भरपाई त्यांनी स्वतः करायची. दानाचा प्रतिभू मेला तर ओझं त्याच्या मुलांवरसुद्धा जायचं.

विज्ञानेश्वर या स्मृतीवर मिताक्षरा ही टीका लिहीत होता तो चालुक्यांच्या कल्याणीत, म्हणजे आजच्या बसवकल्याणला, उमरग्याच्या पलीकडे. साधारण नऊशे वर्षं झाली. प्रत्ययाचा प्रतिभू नेमकं काय बोलतो हे सांगताना तो एक उदाहरण देतो: माझ्या भरवशावर याला धन दे, हा तुला फसवणार नाही, कारण हा अमक्याचा मुलगा आहे, याची जमीन पिकाऊ आहे, याच्याकडे चांगलं गाव आहे. मी हे वाचलं आणि मोठ्याने हसलो. कारण आमच्या कर्ज समितीत गेल्याच महिन्यात एक संचालक म्हणाले होते, "अहो, द्या. अमक्याचा पोरगा आहे, काळी जमीन आहे, विहिरीला पाणी आहे." नऊशे वर्षांत फक्त विहीर वाढली.

पुढे मराठेशाहीच्या कागदांत संस्कृत शब्द मागे पडले आणि अरबी-फारसी शब्द पुढे आले, पण चौकट तीच. जामीन म्हणजे ज्याच्या अंगावर देणं आहे तो. हाजिरजामीन, मालजामीन, आणि गोतसभेसमोर वाद चालला की दोन्ही पक्षांकडून वर्तणूक जामीन, म्हणजे निवाडा झाल्यावर हा दंगा करणार नाही याची हमी. हा शेवटचा प्रकार आज पतसंस्थांच्या वार्षिक सभांना लागू करायला हरकत नाही.

इंग्रजांनी १८७२ साली करार कायदा केला. त्याचं १२८ वं कलम मी टेबलावरच्या काचेखाली ठेवलं नाही एवढंच. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच. म्हणजे आधी कर्जदाराच्या दारात जा, त्याचं सगळं संपलं की मग माझ्याकडे या, असं जामीनदाराला म्हणता येत नाही. संस्था पहिल्या दिवशी जामीनदाराच्या दारात उभी राहू शकते. सही करताना हे कोणालाच माहीत नसतं. मी सांगतो. सांगितलं तरी समोरचा हसून म्हणतो, "साहेब, नुसती सही तर आहे."

नुसती सही. आमच्या अर्जावर जामीनदार क्रमांक एक आणि जामीनदार क्रमांक दोन असे दोन रकाने असतात. क्रमांक एकला बहुतेक घरचा माणूस असतो: चुलतभाऊ, मेव्हणा, शेजारचा वाटेकरी. क्रमांक दोनला पगारदार लागतो. कागदावर दोघं सारखे. पण कर्ज थकलं तर पैसे कुठून येणार हे संस्थेला पक्कं माहीत असतं, आणि ते क्रमांक एककडून नव्हे. म्हणून ग्रामीण महाराष्ट्रात प्राथमिक शिक्षकाच्या सहीला जो भाव आहे तो भल्याभल्या पुढाऱ्याच्या शब्दाला नाही. पगारपत्रक जोडायचं, कपातीचं संमतीपत्र द्यायचं, झालं.

आमच्या भागात एक गुरुजी होते, म्हणजे आहेत, पण त्यांचा क्रमांक दोनचा काळ संपला. आले की पिशवीतून चष्म्याची डबी काढायचे, चष्मा पुसायचे, अर्ज उलटा करून आधी शेवटचं पान बघायचे. कर्ज किती, कशासाठी, व्याज काय, यातलं काही विचारायचे नाहीत. एकच प्रश्न. "एक नंबरला कोण हाये?" नाव ऐकलं की थोडं थांबायचे. त्या थांबण्यात काय चालायचं ते मला पुढे कळलं. कर्जदार बुडवायला निघाला तर त्याला चार शब्द सुनावणारं घरात कोणी आहे का, हे ते तपासत होते. क्रमांक एक पैसे देणार नाही हे त्यांनाही माहीत होतं. तो ओरडेल का, एवढंच त्यांना हवं होतं. आमच्या छापील अर्जात हा रकाना नाही.

त्यांच्या सहीवरचं एक कर्ज थकलं. कोंबड्यांचं होतं, रोग आला, शेड रिकामी झाली. नोटिसा गेल्या, सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला निघाला, आणि गुरुजींच्या पगारातून कपात सुरू झाली. मला वाटलं आता ते येऊन माझ्या टेबलावर हात आपटतील. आले, चष्मा पुसला, दाखल्याची झेरॉक्स मागितली आणि गेले. त्यानंतर दर बाजारच्या दिवशी ते त्या कर्जदाराच्या ओट्यावर जाऊन बसायला लागले. पैशाचा विषय काढायचे नाहीत. पावसाचं बोलायचे, पोरांच्या परीक्षेचं बोलायचे, चहा घ्यायचे आणि उठायचे. बाजाराची वाट त्या ओट्यावरून जायची, त्यामुळे अर्ध्या गावानं त्यांना तिथं बसलेलं पाहिलेलं असायचं. काही महिन्यांनी चहाच्या बशीखाली घडी केलेल्या नोटा यायला लागल्या. त्या घरातली बाई ठेवायची. नवऱ्याला माहीत होतं की नाही, कोणी विचारलं नाही. गुरुजी नोटा मोजत नसत. खिशात टाकायचे आणि म्हणायचे, "चहा बरा झालाय."

मी वसुलीची इतकी प्रशिक्षणं केली, असं कुठे शिकवलं नाही.

पण या गोष्टीला उगाच सोनेरी कडा लावायची नाही. सगळे गुरुजी नसतात, आणि जामिनाच्या एका सहीपायी भाऊबंदकी पेटलेली, मुलीचं लग्न पुढे गेलेलं, पगारदार माणूस नोकरीच्या गावातून बदली मागून पळालेला, हे सगळं माझ्या फायलींत आहे. गावातली पत ही गावातल्या धाकाची सख्खी बहीण असते. कोणाला जामीन मिळतो आणि कोणाला आयुष्यभर मिळत नाही याची यादी केली तर जातीची आणि वाड्याची उतरंड जशीच्या तशी उभी राहील. अमक्याचा मुलगा, हे विज्ञानेश्वराचं कारण सगळ्यांना लागू पडत नाही.

आणि कागदावरचा भरवसा अंगावर उलटला की काय होतं तेही याच मुलखानं पाहिलंय. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात बाजाराच्या गावी शेतकरी जमले आणि त्यांनी सावकारांकडे वह्या आणि कर्जरोखे मागितले. मिळाले ते जाळले. धान्याची दुकानं लुटली, काही घरंही पेटवली. लोण नगरकडे पसरलं. त्यामागे बरंच होतं: अमेरिकेतलं युद्ध संपल्यावर कापसाचा भाव कोसळला, सावकारांनी हात आखडता घेतला, सरकारने सारा वाढवला. पण मला त्यातली एक बारीक गोष्ट सोडवत नाही. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोख्याला तीन वर्षांची मुदत घातली. हेतू असा की व्याज साचत जाऊ नये. झालं असं की दर तीन वर्षांनी सावकार थकलेलं व्याज मुद्दलात घालून नवा रोखा करून घ्यायला लागला. शेतकरी अंगठा उठवत राहिला. तोंडी चाललेल्या व्यवहारात निदान दोन माणसांची आठवण होती. आता एकाच्याच हातची वही उरली.

दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी पुढे १८७९ चा कायदा आला, दस्त नोंदवण्याची सक्ती झाली. तीन वर्षांची मुदत मात्र आजही आहे, आणि त्यातून पळवाट काढायची कलाही. सहकारात तिला 'नवं-जुनं' म्हणतात. जुनं कर्ज कागदोपत्री भरायचं, त्याच दिवशी नवं काढायचं. मार्चअखेर जवळ आला की या शब्दाला बहर येतो.

आता पत हा शब्द गावातून निघून गेला. त्याच्या जागी सिबिल आलं. 'त्याचं सिबिल खराब आहे', 'माझं सिबिल बघून सांगा', आणि एका आजीबाईंनी विचारलं होतं, "पोराचं सिबिल गेलंय, कुठं भरून मिळंल?" तीनशे ते नऊशे यांमधला एक आकडा. त्याचे फायदे मी नाकारत नाही. जिला कोणी जामीन मिळत नाही अशा बाईलाही हा आकडा आडनाव विचारत नाही. पण जामीनदाराच्या नावावरही ते कर्ज दिसतं आणि थकलं की त्याचाही आकडा घसरतो, हे कळल्यापासून क्रमांक दोनच्या सह्या मिळेनाशा झाल्यात. चांगला पगार असलेली तरुण पोरं हात जोडून म्हणतात, "दादा, घराचं लोन करायचंय, सिबिल खराब होईल." त्यांना दोष कसा देणार?

टेकणाऱ्याच्या बाजूच्या शब्दांत मला एकच अपवाद सापडला, मदार. 'सगळी मदार त्याच्यावर आहे.' हा अरबी, गोल फिरण्याच्या धातूवरून आलेला. दौरा हाही तिथलाच. ज्याच्याभोवती फिरतं तो बिंदू, तो आस म्हणजे मदार. इथे निदान त्या माणसाची जागा तरी सांगितली आहे. चाक फिरतं, लोक चाकाकडे बघतात, आणि आस तेवढा झिजतो. आणि क्रियापदांत पत्करणे. जुन्या लिखाणात पतकरणे. मला त्यात पत ऐकू येते, म्हणून असेल, पण हे क्रियापद टेकणाऱ्याला वापरताच येत नाही. ते ज्याच्यावर टेकलंय त्याचंच. जोखीम पत्करली, कोणाचं देणं पत्करलं.

गुरुजी निवृत्त झाले त्याला आता बराच काळ लोटला. निवृत्तीच्या आठवड्यातच आमच्या संस्थेने त्यांना जामीनदारांच्या यादीतून काढलं. त्यात मनाला लावून घेण्यासारखं काही नव्हतं. पेन्शनवर जप्ती आणता येत नाही, त्यामुळे पेन्शनर जामीनदार संस्थेला चालत नाही. दानाचा प्रतिभू म्हणून त्यांची किंमत एका तारखेला शून्य झाली. समितीला मात्र अजून सवय सुटली नाही. अडलं की कोणीतरी म्हणतं, गुरुजींना विचारा की.

मग मीच फोन करतो. परवा एका ट्रॅक्टरच्या अर्जासाठी केला. नाव सांगितलं. पलीकडे तेच थांबणं.

"एक नंबरला कोण हाये?"

"त्याचा सासरा."

"मग द्या. माणूस बरा हाये. अन् दोन नंबरला?"

मी म्हटलं, दोन नंबरला अजून कोणी मिळालं नाही.

"आता कुठनं मिळायचं," ते म्हणाले, आणि ट्रॅक्टर कुठल्या कंपनीचा घेतोय ते विचारू लागले.